पत्रिका उघडू नये

पूर्णेत स्टेशनकडं जाणाऱ्या रस्त्यावर सविताचं टायपिंगचं दुकान होतं. लग्नसराईचे दिवस होते. गंगाखेडच्या भुजंग प्रेसवाल्याकडून मेलवर पत्रिकेची फाइल आली. तशा रोजच यायच्या. उघडताना वर पिवळी पट्टी आली, 'चालू करू का' असं विचारणारी. सवितानं न वाचताच बटन दाबलं. पान कोरंच राहिलं.

"भुजंगनं झोपेत पाठवली दिसती," म्हणत ती चहाला उठली.

चहा ओठाला लागायच्या आत फोन वाजला. राणीसावरगावच्या धुरपताबाई होत्या, तिथल्या महिला बचत गटाच्या अध्यक्षा.

"का गं सविता, लेकीचं लग्न ठरलं आन आमाला कॉम्प्युटरवर निमंत्रण? दारात यायला पाय दुखायलेत का?"

"कुठलं निमंत्रण, मावशी?"

"तुज्याच पत्त्यावरनं आलंय की! वर लग्नपत्रिका लिवलंय."

"उघडू नका मावशी!" म्हणत सविता मशिनीकडं धावली. तिच्या मेलवरून तीच फाइल भराभरा सगळ्या गिऱ्हाइकांना चालली होती. तिनं नेटची वायर उपटली, पण तोवर व्हायचं ते झालं होतं. आतल्या फायलींची नावं बदलून नुसती गिचमिड झाली होती.

लेक अपेक्षा नांदेडला कॉम्प्युटर शिकून आलेली. तिनं बघितलं आणि तिचा चेहरा उतरला.

"आई, फाइलीत कीड होती. जो उघडंल त्याचे सगळे कागद कुलूपबंद करती, आन त्याच्याकडनं पुढच्याकडं जाती."

असली कीड शिरते ती भोकं बुजवायला प्रोग्रामची नवी आवृत्ती येत असते. सवितानं ती कधी घेतलीच नव्हती. घेतली की जुन्या मराठी अक्षरांच्या नुसत्या चौकटी व्हायच्या. आपल्या फायली गिऱ्हाइकाकडं नीट उघडाव्यात म्हणून आसपासच्या शाळा, ग्रामपंचायती, दवाखान्यांतही तिनं स्वतःच्या हातानं तोच जुना प्रोग्राम टाकून दिला होता. एकच भोक घरोघरी पडलेलं.

तिला आधी शाळा आठवल्या. दहावीच्या पोरांचे तोंडी परीक्षेचे गुण आज बोर्डाला जायचे होते. तिनं एका शाळेतल्या लिंबाजी क्लार्कला फोन लावला.

"उघडायलोय ना ताई! पिवळी पट्टी बी आलीय. नवरदेवाचं नाव तर बघू द्या."

"लिंबाजीभाऊ, हात काढा! आधी वायर उपटा!"

"अवो, झालं काय?"

"उपटा म्हणते ना!"

"उपटली, उपटली."

एक वाचला. पण एवढ्या गावांना फोन कधी लावायचे? अपेक्षानं गिऱ्हाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं, 'ती पत्रिका नाही, व्हायरस आहे. कुणी उघडू नका.'

लगेच उत्तरं आली. 'पंगत चुकवायलाव का, ताई?' दुसऱ्यानं लिहिलं, 'व्हायरस का असंना, आमी येणार. बुंदी जास्तीची पाडा.' कुणी म्हणालं, 'आता तर उघडूनच बघतो, लपवायलाव काय ते!'

आमच्याकडं माणूस कोर्टाची नोटीस महिनाभर कोनाड्यात ठेवील, पण लग्नपत्रिका आली की हातातला घास ठेवून उघडील.

"आई," अपेक्षा म्हणाली, "मोडलं म्हणून लिहिते."

"काय मोडलं?"

"माजं लग्न."

पिंगळीच्या किशनरावांच्या योगीराजशी अपेक्षाचं जमत आलं होतं. पोराला पोरगी पसंत, पोरीला पोरगा. उद्या ते लोक सुपारी फोडायला यायचे होते. किशनराव खत-बियाण्यांचे दुकानदार, सविताचं जुनं गिऱ्हाईक, शब्दाला लय जपणारे. आणि मोडलं हा शब्द पोरीच्या नावाला एकदा चिकटला की धुऊन जात नाही.

"आधी किशनरावांना विचारू," म्हणत तिनं फोन लावला. लागेना. पुन्हा लावला, तरी लागेना.

"आई, तोवर कुणीतरी दाबंल ती पट्टी."

"तुज्या जल्माचा सवाल हाय, पोरी."

"बाकीच्या शाळांतल्या पोरांचा बी हायच की."

अपेक्षानं लिहिलं, 'अपेक्षाचं लग्न मोडलं. आलेली पत्रिका उघडणं अशुभ आहे. न उघडता पुसून टाकावी.' आणि पाठवून दिलं.

ग्रुपवरची थट्टा थांबली. मग एकेकाचं 'पुसली', 'पुसली' येत गेलं. धुरपताबाईंनी लिहिलं, 'पुसली बाई. लेकीला जप.'

थोड्या वेळानं किशनरावांचा फोन आला.

"सविताबाई, गावातली माणसं सांत्वनाला यायलीत माज्याकडं. सोयरीक कुणी मोडली?"

सवितानं सगळं सांगितलं. मग अपेक्षानं फोन घेतला.

"काका, लिहिलं ते मी. तुमच्या दुकानावर बी ती फाइल आली असंल. उघडली का?"

किशनराव म्हणाले, "उघडीतच व्हतो. पट्टीवर हात व्हता. तेवढ्यात तुजा निरोप घेऊन माणूस आला."

"मग बरं झालं, काका."

"बरं झालं खरं," ते म्हणाले. "पण उद्याचं आता राहू द्या. घरात बोलतो. कळवतो."

कळवतो. सोयरिकीच्या बोलण्यात हा शब्द ज्यानं ऐकला, त्याला पुढचं सांगावं लागत नाही. सवितानं पदर तोंडाला लावला.

अपेक्षानं फोन खाली ठेवला नाही. पुसल्याचं अजून न कळवलेली नावं तिनं शोधली आणि पहिला नंबर लावला.

"हॅलो, सर? अपेक्षा बोलतेय. होय, माजंच मोडलं. पत्रिका उघडली तर न्हाई ना?"