रुफिनोची कॉइल

"फेक! बाहेर फेक आधी!" त्याची बायको निएवेस किंचाळली, आणि रुफिनोनं हातातला धुमसणारा व्हेप खिडकीतून भिरकावला. तो नेमका शेजारच्या आंबोच्या झुंजीच्या कोंबड्यामागे पडला. फाट्‌दिशी आवाज झाला. कोंबडा वाचला, शेपूट गेलं.

फिलिपिन्समधल्या लिपा शहरात चाळीस वर्षं जीपनी, म्हणजे प्रवासी जीप, चालवलेल्या रुफिनोनं डॉक्टरांच्या धाकानं सिगारेट सोडून व्हेप धरला होता. त्यातली तापून वाफ काढणारी तारेची तयार कॉइल त्याला पुळचट वाटे, म्हणून तो स्वतःच तार गुंडाळायचा.

आंबो कोंबड्याला काखोटीला मारून दारात आला. "रविवारी झुंज आहे याची! कुठल्या तोंडानं उतरेल हा आता?"

"तोंडाला काय झालंय?" रुफिनो म्हणाला. त्या दिवसापासून आंबोनं त्याच्याशी बोलणंच टाकलं.

दुसऱ्या दिवशी व्हेपच्या दुकानातल्या मारिव्हिकनं तो जळका अवशेष उलटापालटा केला. "तारेचं टोक झाकणाला टेकलं, शॉर्ट झालं. बॅटरीचं वेष्टनही फाटकं होतं. मीटरवर ओहम मोजले होते, रुफिनोकाका?"

"गाडीच्या वायरी जोडण्यात जन्म गेला माझा. मला नजरेनं कळतं."

"नजरेनं ओहम दिसते तर मीटर कशाला काढले असते? बसा इथं."

नातीच्या वयाच्या पोरीसमोर तो महिनाभर स्टुलावर बसला. गरम कॉइल चिमटीत धरून बोटं भाजली. कॉइल नीट तापते का ते न बघताच व्हेपचा रस शोषणारा कापूस भरला आणि जळका धूर पिऊन खोकला. मारिव्हिक हसायची आणि कॉइल उसवून पुन्हा त्याच्या हातात द्यायची.

मग एका दुपारी आंबो आपणहून रुफिनोच्या घरी आला. त्यालाही डॉक्टरांनी दम भरला होता.

"कोंबडा कसाय?" रुफिनोनं चाचरत विचारलं.

"जिंकला. मागून धरायला काही सापडेचना समोरच्याला." आंबो खुर्चीत टेकला. "मलाही कॉइल करून दे एखादी."

रुफिनोनं तार गुंडाळली, टोकं कापली, मीटरला लावली. आकडा फारच खाली आला, म्हणजे बॅटरी पुन्हा पेटायची भीती.

"छान झालीय की. दे," आंबोनं हात पुढे केला.

रुफिनोनं आकडा पुन्हा एकदा तपासला. मग त्यानं कॉइल काढून टाकली.

"चुकलं माझं. पुन्हा करतो."

चाळीस वर्षांच्या संसारात हे वाक्य त्या घरात कुणी ऐकलं नव्हतं. निएवेसनं हातातला डाव खाली ठेवला आणि कोण पाहुणा आलाय ते बघायला ती बाहेर आली.