टॉवेलखालचा दर

माझा धाकटा भाऊ मारुतीराव निपाणीच्या जनावरांच्या बाजारात चाळीस वर्षं दलाली करतो. बैलाचा जबडा उघडला की एका नजरेत सांगतो, हा आदत, अजून दुधाच्या दातांचा, हा चारदाती, हा जुळलेला, सगळे दात येऊन वय झालेला, याच्यावर पैसे घालू नका. हजारो तोंडं त्यानं उघडून पाहिली असतील. बायकोचं तोंड मात्र त्यानं कधी उघडायला सांगितलं नाही.

त्यांच्या धंद्यात दर तोंडानं बोलत नाहीत. घेणारा आणि देणारा हातात हात देतात, वर टॉवेल टाकतात आणि आत बोटं धरतात. एक बोट धरलं की एक हजार, दोन धरली की दोन, सगळा पंजा धरला की पाच. भोवतीच्या माणसांना काही कळत नाही, सौदा मात्र होतो. बाजारात याला काही अर्थ असेलही. मारुती हा टॉवेल डोक्यात घेऊन घरी येतो, ही खरी अडचण. त्याच्या मते चारचौघांत दर विचारणं हे हलक्या माणसाचं काम. दुकानात विचारलं तर हलकं, आणि डॉक्टरला विचारलं तर फारच हलकं. कोगनोळीच्या सीमानाक्याच्या अलीकडं पेट्रोल किती आणि पलीकडं किती, हे तो झोपेत सांगेल. दाताचं मात्र विचारायचं नाही, कारण डॉक्टर काय म्हणेल?

मी छत्तीस वर्षं मराठी शाळेत शिकवलं. एखादं पोर सातचा पाढा चाळीस वेळा चुकलं तरी मला राग येत नाही. एक्केचाळीसाव्या वेळी ते बरोबर म्हणतं. साठी ओलांडलेल्या दलालाबद्दल अशी खात्री मला देता येत नाही.

आमच्या जयाबाईच्या, म्हणजे मारुतीच्या बायकोच्या, डावीकडच्या दोन दाढा अशाच गेल्या. दुखायला लागल्या, काढून टाकल्या. दाढ वाचवायला किती लागतं हे ठाऊक नव्हतं, काढायला चारशे लागतात हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. म्हणून काढल्या. उजवीकडं वरची एक आधीच पडलेली. राहिली उजवीकडची खालची मोठी दाढ आणि तिच्या डोक्यावर टेकणारी एक. भाकरी चावायला एवढीच जोडी. मागच्या उन्हाळ्यात त्यातली खालची ठणकायला लागली, आणि जया भाकरी दुधात कुस्करून गिळायला लागली. छप्पन्न वर्षांची बाई, तान्ह्या पोरासारखी वाटी घेऊन बसायची.

मी म्हटलं, "मारुती, दाढ वाचते का बघ. आधी दोन-चार ठिकाणी फोन करून विचार, काय काय लागतं ते."

"फोनवर?" तो माझ्याकडं असा बघायला लागला, जणू मी त्याला भीक मागायला सांगितलं. "आक्का, डाक्टर हाय त्यो. वांगी इकाय बसला न्हाय."

"मग वांगीवाल्याला तरी तू विचारतोस?"

"ते मी बगतो. तू पोरांस्नी शिकीव."

त्यानं बघितलं ते असं. बेळगावात काचेच्या दाराचा एक दवाखाना त्याला कुणीतरी सांगितला. बाहेर पाटी, 'तपासणी मोफत'. पाटीवर लिहिलेलं तेवढंच मोफत असतं, हे चौथीतल्या मुलालाही कळतं. आम्ही तिघं गेलो. आत गारवा, भिंतीवर हसणाऱ्या बायकांचे फोटो, टेबलामागं सूरज नावाचा टाय लावलेला तरुण. जयाला आत नेलं. मारुती टेबलाशी गेला, इकडंतिकडं बघितलं, खांद्यावरचा टॉवेल काढला आणि उजव्या हातावर टाकून हात पुढं केला.

मला क्षणभर खोटं वाटलं. पण तो तसाच उभा होता, टॉवेलखाली हात, चेहऱ्यावर बाजारातलं गांभीर्य.

सूरजला वाटलं, म्हातारा प्रेमानं हात मिळवतोय. त्यानं हसून टॉवेलसकट पंजा धरला, घट्ट दाबला आणि म्हणाला, "काळजी करू नका, आजोबा."

मारुती माझ्याशेजारी येऊन बसला. "ठरलं. पाच हजार. समद्यासकट."

"मारुती, त्यानं शेकहँड केला."

"तुला ह्यातलं कळत न्हाय."

"मी जाऊन तोंडानं विचारते."

"आक्का!" त्यानं माझा पदरच धरला. "माझी लाज काढू नगं. माणसं हायत."

माणसं होती तीन. एक झोपलं होतं, दोन मोबाइलमध्ये होती. तरी मी बसले. तो मूर्खपणा माझा, आणि तो मी दुसऱ्या कुणावर ढकलत नाही.

त्या दिवशी दाढ उघडून आतली नस काढली, वर कच्चं सिमेंट भरलं, दोन हजार घेतले. आठ दिवसांनी गेलो तर टेबलावर कागद आला. मुळाचं काम, म्हणजे रूट कॅनाल, साडेसहा हजार, त्यातले दोन पोचले. एक्सरे वेगळा. वरची टोपी सात हजार, तीही वेगळी. मारुतीचा चेहरा तापला.

"पाचात ठरलं हुतं. शब्द फिरवता व्हय रं?"

"कुणाशी ठरलं, आजोबा?"

"तुझ्यासंगं! हात धरलास न्हवं?"

सूरज बिचारा आपल्या हाताकडं बघत राहिला. दवाखान्यानंही आपण होऊन आधी काही सांगितलं नव्हतं. विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही, ही त्यांची हुशारी. त्या हुशारीलाही मी फार मान देत नाही. पण निदान त्यांनी टॉवेल घातला नव्हता. मारुती उठला, जयाला उठवलं आणि अर्ध्या कामावर बाहेर पडला. गाडीत एकच वाक्य बोलला, "बाजारादिवशी गावातच काढून टाकू. चारशेत मोकळी."

जया खिडकीबाहेर बघत होती. गालावर हात होता.

संध्याकाळी माझ्या कट्ट्यावर पोरं शिकायला येतात. बेळगावहून येऊन दोन दिवस झाले होते, बाजाराला अजून चार होते. जया तांदूळ निवडायला पोरांशेजारी येऊन बसली. त्या दिवशी मी गणित बाजूला ठेवलं आणि विचारलं, "दप्तर घ्यायला गेलात तर दुकानदाराला काय विचाराल?"

"केवढ्याला?" सगळी एकदम म्हणाली.

"आणि तो म्हणाला तीनशे, पण चेन वेगळी, पट्टे वेगळे, तर?"

पोरं हसली. त्यातली तेजस्वी म्हणाली, "बाई, असं कुठं असतं? आधीच विचारायचं, समदं धरून का?"

"दाताच्या डॉक्टरकडं असं असतं. आणि ती दरवेळी लबाडीच असते असं नाही. दाढेतली मेलेली नस काढून मुळं भरली की दाढ ठिसूळ होते. चावताना फुटू नये म्हणून वर टोपी घालतात. कामं दोन, म्हणून दर दोन. पण हे आपल्याला आधी माहीत पाहिजे."

सौम्या दहा वर्षांची आहे. ती बराच वेळ पेन्सिल चावत होती. मग म्हणाली, "पण बाई, आत किती किडलंय हे बघितल्याबिगर डॉक्टरला तरी कसं कळणार?"

साठी ओलांडलेल्या माणसाच्या डोक्यात जे आलं नाही, ते या मुलीच्या डोक्यात आलं. मी म्हटलं, "नाही कळणार. म्हणून नक्की आकडा मागायचा नाही. कमीत कमी किती, जास्तीत जास्त किती, असं विचारायचं. एक्सरे बघितला की कागदावर लिहून द्याल का, असं विचारायचं. आणि लिहून दिल्याशिवाय हात लावू द्यायचा नाही."

पोरांनी आपापल्या शब्दांत प्रश्न लिहिले. सौम्यानं वही जयापुढं धरली. "काकू, फोन करू का मी?"

जयानं सूप खाली ठेवलं. "नगं गं. दाढ माझी हाय. मीच इचारते."

स्टँडमागं डॉ. सुविधा म्हणून एक मुलगी दातांचा दवाखाना चालवते, तिचा नंबर आमच्याकडं होता. जयाला कानाशी धरून नीट ऐकू येत नाही, म्हणून सौम्यानं फोनचा आवाज मोठा केला. नेमका तेव्हाच मारुती गुंडू दलालाला घेऊन कट्ट्याशी आला.

"हॅलो, डॉक्टरबाई," जया ओरडली. फोनवर ती नेहमीच ओरडते. "दाढ वाचवायला काय घेता?"

मारुती जागच्या जागी थबकला. "ठेव त्यो फोन! गल्ली ऐकतीया!"

"ऐकू दे," जया त्याच्याकडं न बघता म्हणाली. "न्हाय, तुमास्नी न्हाय डॉक्टरबाई, आमच्या मालकांस्नी."

पलीकडून हसू आलं. "बघायचे शंभर, एक्सरेचे दीडशे. मोठ्या दाढेचं मुळाचं काम तीन ते चार हजार, मुळं किती वाकडी त्यावर. तीनदा यावं लागेल."

"टोपी त्यातच?"

"नाही, टोपी वेगळी. धातूची दोन हजार, दातासारखी दिसणारी चार. मागची दाढ आहे, दिसत नाही. धातूची चांगली टिकते."

"बघितल्यावर लिवून देशीला?"

"देते. पटलं तर बसा, नाहीतर शंभर देऊन घरी जा."

जयानं वहीतली शेवटची ओळ बोटानं शोधली. मग वही मिटली आणि हळू आवाजात विचारलं, "अर्धं काम दुसरीकडं झालंय. कच्चं सिमेंट हाय. आता ऱ्हाईल का दाढ?"

"किती दिवस झाले?"

"दहा."

"मग लवकर या. फार दिवस ते टिकत नाही. तोवर त्या बाजूनं चावू नका. आणि तिथला एक्सरे मागून आणा, तुमचाच आहे तो."

"त्या अंगानंच चावती मी," जया म्हणाली. "दुसरं अंगच न्हाय." मग घसा साफ केला. "उद्या सकाळी येती."

मारुती भिंतीकडं तोंड करून उभा होता. घराण्याचं नाव बुडाल्यासारखा. तेवढ्यात गुंडू पुढं सरकला आणि कुजबुजला, "वैनी, ठिवू नगासा. माझी बी एक हालतीया. हालणारीचं काय घेती, इचारा की."

पोरं खो खो हसली. मीही हसले.

दुसऱ्या दिवशी जया आणि मी गेलो. मारुतीला काम होतं. एक्सरे मात्र त्यानंच रात्री बेळगावहून मोबाइलवर मागवला होता, सूरजला फोन करून. बोलताना परसात गेला होता, कुणी ऐकू नये म्हणून. कागदावर मुळाचे साडेतीन हजार आणि टोपीचे दोन लिहून मिळाले, आणि तीन खेपांत कामही तेवढ्याच पैशांत झालं. एका मुळाला चीर आहे, पाच वर्षं टिकेल की पंधरा, सांगता येत नाही, हेही सुविधानं आधीच सांगितलं. जया म्हणाली, पाच तर पाच.

आता ती कडक भाकरीचा पापुद्रा मुद्दाम आवाज करत चावते.

दिवाळीनंतर मारुतीचा गाल सुजला. दोन दिवस त्यानं गालाला टॉवेल बांधला आणि थंडी वाजतीया म्हणून सांगितलं. तिसऱ्या दिवशी जया जेवत असताना तो शेजारी येऊन बसला, टॉवेल सोडला, हातावर टाकला आणि हात तिच्यापुढं केला. मी समोरच होते. मधलं बोट वर-खाली होत होतं, किती घेतील, किती घेतील.

जयानं टॉवेल उचलला, झटकला आणि खुंटीला अडकवला. फोन त्याच्या हातात दिला.

"तोंडानं इचारा."

त्यानं दारातून बाहेर बघितलं. रस्त्यावर कुणी नव्हतं. मग नंबर लावला, आणि पलीकडून आवाज आल्यावर बाजारात कधी काढला नसेल इतका बारीक आवाज काढून म्हणाला, "एक दाढ हाय... माझी न्हवं. शेजाऱ्याची."

जयानं भाकरीचा आणखी एक तुकडा मोडला.