दोन वाजताचं जहाज

मुकोनो गावातल्या मुलींच्या शाळेत स्पेसिओझा नाकिबुका ग्रंथालय सांभाळायची, आणि त्याच खोलीतले सहा कॉम्प्युटरही. वय एक्केचाळीस. लग्न केलं नव्हतं, आईला घेऊन शाळेमागच्या दोन खोल्यांत राहायची, आणि कंपालाच्या पुढे आयुष्यात फारशी कुठे गेली नव्हती. पण शाळेतल्या कुणालाही कुठे जायचं झालं, की माणूस आधी ग्रंथालयाचं दार ठोठावायचा. कुठल्या साइटवर खोली बघावी, कुठल्या साइटवर गाडीची वेळ खरी असते, हे तिला विचारल्याशिवाय पिशवी भरायची नाही, असा रिवाजच पडला होता.

"आमची स्पेसिओझा म्हणजे रस्त्यावरची पाटी," मोठ्या बाई म्हणायच्या. "सगळ्यांना वाट दाखवते, स्वतः जागची हलत नाही."

ती हसायची. तिचे आडाखे पक्के होते. फोटो बघू नका, फोटो सगळ्यांचेच गोजिरे असतात. लोकांनी लिहिलेलं वाचा, त्यातही ताजं आधी. जिथे एकही तक्रार नाही तिथे जाऊच नका, तिथल्या तक्रारी मालकाने पुसलेल्या असतात.

तिची धाकटी बहीण गोरेटी अकरा वर्षांनी लहान. मार्चमध्ये गोरेटीचं पोटातलं बाळ सातव्या महिन्यातच गेलं, आणि त्या दिवसापासून ती बोलायचीच बंद झाली. विचारलं तर हो, नाही. बाकी भिंतीकडे तोंड. तिचा नवरा कावीसी सुतार होता, उंचापुरा, हसरा, डाव्या हाताचं मधलं बोट करवतीने अर्धं नेलेलं. जुलैत एका दुपारी तो लाकडाचा भुसा झटकत ग्रंथालयात आला.

"ताई, हिला कुठंतरी पाण्यापाशी न्यायचंय. चार दिवस. तिथं कुणी ओळखीचं नको, कुणी 'आता कशी आहेस' विचारायला नको. तू सांगशील तिथं जातो."

स्पेसिओझाने त्या दिवसापासून कंबर कसली. नालुबाले सरोवरातली स्सेसे बेटं तिने ठरवली. घरापासून फार लांब नाहीत आणि गर्दीही नाही. चार साइट तिने निवडल्या. एक मुक्कामाच्या जागांची, जिच्यावर प्रवासी आपापले अनुभव लिहीत. दुसरी उपग्रहाच्या नकाशाची, बेटावरची पायवाटही दिसेल अशी. तिसरी वाऱ्या-पावसाची. आणि चौथी बेटांना जाणाऱ्या जहाजाच्या वेळांची. रोज दुपारी गोरेटीला बोलावून ती तिला पडद्यासमोर बसवायची. तिसऱ्या दिवशी गोरेटीने पहिल्यांदा आपणहून तोंड उघडलं.

"तिथं माकडं असतात का गं?"

स्पेसिओझाने चटकन पडद्यावर बोट ठेवलं. "असतात ना. इथं लिहिलंय बघ, एका बाईचा पाव चोरून नेला म्हणून."

गोरेटी हसली. हसली म्हणजे ओठ जरासे हलले, पण त्या घरात तेवढं पुष्कळ होतं.

ऑगस्टातल्या एका शनिवारी सकाळी दोघं निघाली. दुपारी दोनचं जहाज होतं. स्पेसिओझा घरी आईसोबत मटोकेची हिरवी केळी सोलत बसली होती. पावणेदोनला फोन वाजला, कावीसीचा निरोप होता: 'जहाज नाही. लाकडी बोटीने जातोय. काळजी नको.'

तिने सुरी खाली ठेवली आणि फोन लावला. बंद. गोरेटीचा लावला. तोही बंद.

जहाज नाही म्हणजे काय? तिने तीच वेळांची साइट उघडली. शनिवार, दोन वाजता. ठळक अक्षरांत. मग पान खाली खाली सरकवत गेली, आजवर कधी गेली नव्हती तिथपर्यंत. अगदी तळाला, मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं, की या वेळा शेवटच्या तपासल्या त्याला दोन वर्षं होऊन गेली.

ताजं आधी वाचा, म्हणून जगाला शिकवणारी ती. तिने तारीख बघितली नव्हती.

मग तिने वाऱ्याची साइट उघडली. सकाळी पडद्यावर हिरवं असलेलं सरोवर तीन वाजल्यापासून पुढे वादळाच्या तांबड्या रंगात दाखवलं होतं.

त्यानंतरचे अडीच तास तिने कसे काढले ते तिचं तिलाच ठाऊक. केळी सोलून झाली, शिजायला ठेवली, आणि दर चार मिनिटांनी ती दोन्ही नंबर फिरवत राहिली. साडेचारला शेजारच्या रेडिओवर बातमी लागली. बेटांकडे निघालेली एक लाकडी बोट वाऱ्याने उलटली. माणसं किती, कोण, काही कळलेलं नाही.

आई दारातच उभी होती. "गोरेटी जहाजानं गेलीय ना?"

"हो आई."

"माझ्याकडे बघून सांग."

स्पेसिओझाला मान वर करता येईना. म्हातारी शेजाऱ्याकडे गेली, त्याचा रेडिओ उचलून घेऊन आली आणि मांडीवर घेऊन जमिनीवर बसली. बॅटरी सरकू नये म्हणून मागून हाताने दाबून धरली.

स्पेसिओझा शाळेकडे पळाली. ग्रंथालय उघडलं, सगळ्यात वेगाने चालणारा कॉम्प्युटर लावला. ज्या जागेत दोघं उतरणार होती तिथला नंबर लावला. हा नंबर अस्तित्वात नाही, असं यंत्रातली बाई सांगत राहिली. पोलिसांचा नंबर लागता लागेना. लागला तेव्हा पलीकडचा माणूस दमून म्हणाला, "बाई, आमच्याकडे अजून एकही नाव नाही. आमची माणसंच अजून पोचलेली नाहीत."

"मग तिथं कोण आहे?"

"कोळी असतील. मला इथून काय दिसणार?"

तिथं कोण आहे? कुणाला तरी डोळे असतील, कान असतील, फोन असेल. पण दोघं निघाली होती त्या बुकोन्गे बेटावरच्या एकाही माणसाला ती ओळखत नव्हती. ओळखत होती ते फक्त तिथे जाऊन आलेल्यांचं लिखाण. ती मुक्कामाच्या साइटवर गेली आणि या वेळी ठरवलेल्या जागेपुरतं नाही, तर बेटाबद्दल लिहिलेलं एकूण एक वाचायला बसली. दीडशे, दोनशे. सूर्यास्त छान आहे. मच्छरदाणीला भोक आहे. मासा ताजा होता. गादी कडक होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, त्यातून अक्षरं वाचताना तिला त्या कडक गादीवाल्याचा असा काही राग आला, की तो समोर असता तर तिने त्याला बदडलं असतं.

दोनशे अकरावं कुणा नर्सने त्याच वर्षी जूनमध्ये लिहिलं होतं. 'बोट चुकली तर घाबरू नका. बेटाच्या धक्क्यावर बाबिर्येची टपरी आहे. चपाती-अंडं उत्तम. आधी फोन करून विचारा, सरोवराचं खरं तीच सांगते.' आणि पुढे नंबर.

स्पेसिओझाची बोटं दोनदा चुकली. तिसऱ्यांदा फोन लागला.

"हॅलो! तुमच्या इथं बोट उलटली का? माझी बहीण—"

"कोण बोलतंय? आधी नीट नमस्कार तरी कर," पलीकडून घोगरा बायकी आवाज आला. मागे आरडाओरडा, वारा. "कशी आहेस? घरचे कसे आहेत?"

"बरे आहेत," स्पेसिओझा हुंदका गिळून म्हणाली. "तुम्ही कशा आहात? तुमचा दिवस कसा गेला?"

"वाईट गेला, पोरी. फार वाईट. हां, आता सांग. कोण तुझं?"

तिने सांगितलं. बहीण, तीस वर्षांची, हिरवा ब्लाउज, पुढच्या दोन दातांत फट. मेव्हणा, उंच, डाव्या हाताचं मधलं बोट अर्धं.

"कोळ्यांनी काही लोक आणलेत किनाऱ्याला. काही अजून आणतायत. फोन ठेव. मी बघून येते."

"मी धरून ठेवते—"

"ठेव म्हणते ना! बॅटरी संपली तर तू पण गेलीस आणि मी पण."

चाळीस मिनिटं गेली. मोठ्या बाई मध्येच येऊन तिच्या शेजारच्या बाकावर बसल्या. या वेळी थट्टा नव्हती. फोन वाजला तेव्हा स्पेसिओझाला तो उचलण्याचंही भान राहिलं नाही. बाईंनीच तिच्या कानाला लावला.

"ऐकतेयस? एक बाई आहे. नाव विचारलं तर बोलत नाही. कपडे कसले सांगू, सगळ्यांचेच चिखलाने भरलेत. पण मी तिचं तोंड उघडून बघितलं. फट आहे."

"फट आहे! आहे फट!"

"मग तुझीच. पाणी ओकली, श्वास चाललाय. माझ्या चुलीपाशी आणून बसवलंय तिला."

स्पेसिओझा बाईंच्या गळ्यात पडली. मग एकदम सरळ झाली. "आणि कावीसी? तिचा नवरा?"

"पुरुष पाच निघाले," बाबिर्ये म्हणाली. "मी पाचही जणांचे हात बघितले, पोरी. सगळ्यांची बोटं पुरी आहेत."

दुसऱ्या दिवशी दुपारी स्पेसिओझा आयुष्यात पहिल्यांदा पाण्यावर गेली. आदल्या दिवसासारखीच लाकडी बोट, साखरेची पोती, सोड्याच्या बाटल्यांचे खोके. तरंगायचं जाकीट तिने दोनदा बांधलं, आणि तरी बोटीचा धरलेला काठ सोडला नाही. उतरताना तिच्या तळहातांत लाकडाची कुसळं रुतलेली होती. पाणी त्या दिवशी इतकं शांत होतं की तिला त्याची किळस आली.

गोरेटी टपरीमागे उपड्या होडीला टेकून बसली होती. बहिणीला पाहून तिने हात पुढे केला नाही, मागेही घेतला नाही.

"घरी चल गं," स्पेसिओझा म्हणाली. "आई वाट बघतेय."

"तो आल्यावर."

पोलिस आले, नावं लिहून गेले. बाकीचे वाचलेले आपापल्या गावी गेले. गोरेटी हलली नाही, म्हणून स्पेसिओझाही हलली नाही. बाबिर्येने आपल्या झोपडीत दोघींना जागा दिली. स्पेसिओझा सकाळी तिला कणीक मळू लागायची, आणि रोज कोळी परतले की प्रत्येक होडीपाशी जाऊन अर्ध्या बोटाचा माणूस दिसला का, विचारायची. कोळी मानेनेच नाही म्हणायचे. काही तर ती येताना दिसली की जाळी आवरायचं सोडून दुसरीकडे बघायचे.

पाचव्या दिवशी गोरेटी तिच्याजवळ आली. दोघी पाण्याकडे तोंड करून बसल्या.

"ताई, तो परत फिरत होता."

"कोण?"

"कावीसी. निघायच्या धक्क्यावर कळलं, जहाज महिन्याभरापासून दुरुस्तीला गेलंय. तो म्हणाला, चल घरी, पुढच्या महिन्यात येऊ. मी म्हटलं, नाही." तिचा आवाज सपाट होता, दुसऱ्या कुणाचं सांगत असल्यासारखा. "मी म्हटलं, ताईनं सगळं वाचलंय. ताईनं सांगितलंय हाच आठवडा चांगला. मला घरी जायचं नव्हतं. त्या खोलीत जायचं नव्हतं. तो म्हणाला, तुला इतक्या दिवसांनी काहीतरी हवंसं वाटतंय ना, मग जाऊ."

स्पेसिओझा म्हणू शकली असती, तुझा काय दोष. लोक तसंच म्हणतात. पण ते म्हटलं असतं तर आपलं लपवल्यासारखं झालं असतं.

"जहाजाच्या वेळा दोन वर्षं जुन्या होत्या," ती म्हणाली. "खाली लिहिलं होतं. मी तारीख बघितली नाही, गोरेटी. सगळ्यांना सांगते बघा, आणि मीच बघितली नाही."

गोरेटी उठली आणि पाण्याच्या कडेने चालत दूर गेली. संध्याकाळी परत आली तेव्हा तिने बहिणीच्या ताटातलंच जेवण घेतलं. त्याहून जास्त काही घडलं नाही.

आठव्या दिवशी दोन बेटांपलीकडच्या कोळ्यांना कावीसी सापडला. ओळखण्यासारखं थोडंच उरलं होतं. ओळखलं ते गोरेटीनेच, हात हातात घेऊन. त्याच्या गावी, त्याच्या बापाच्या केळीच्या बागेत त्याला पुरलं. आई रेडिओ परत करायला त्यानंतरच शेजाऱ्याकडे गेली.

स्पेसिओझाने वेळांच्या साइटला तीन पत्रं लिहिली. उत्तर नाही. चौथं लिहायला बसली तेव्हा वाटलं, ऐकायचं त्यांनाच नसेल तर आपण तरी कुणाला सांगतोय? म्हणून तिने प्रवासी जिथे अनुभव लिहितात ती साइट उघडली आणि बेटाच्या पानावर लिहू लागली. पान भरलं. कावीसीचं बोट, गोरेटीचं बाळ, आपली चूक, सगळं त्यात आलं. गोरेटी आता आई-बहिणीकडेच राहत होती. ती मागे येऊन उभी राहिली आणि वाचत राहिली.

"हे काढ," ती म्हणाली.

"खोटं आहे का काही?"

"खोटं नाही. पण असलं वाचलं की लोक पान बंद करतात. रडायला का कुणी या पानावर येतं? काय करायचं तेवढं लिही. सरक."

ती खुर्चीवर बसली. टाइप करायची सवय नव्हती. दोन बोटांनी एकेक अक्षर शोधत तिने लिहिलं. बाबिर्येचा नंबर. जहाज चालू आहे का ते आदल्या दिवशी तिला फोन करून विचारा. वाऱ्याचं पान घरून निघण्याआधी नाही, धक्क्यावर पोचल्यावर बघा. जाकिटाशिवाय बोटीत पाय ठेवू नका, नावाडी हसला तरी.

मग ती थांबली. स्पेसिओझाला वाटलं, झालं असेल. पण गोरेटीचे हात अजून अक्षरांवरच होते. तिने आणखी एक ओळ लिहिली, हळूहळू, आणि स्पेसिओझाला न दाखवताच पाठवून दिली. ती पानावर उमटली तेव्हा दोघींनी ती एकदमच वाचली.

'बरोबरचा माणूस परत फिरू म्हणाला, तर फिरा.'