साडेसदतीस अंशांची पेटी

परदेशी संस्थेच्या मदतीवर उभ्या राहणाऱ्या छोट्या धंद्यांना हात द्यायचा, आणि ते खरंच उभे राहतायत का हे तपासायचं, हे तिचं बारा वर्षांचं काम. धंदेवाले तिच्यामागे तिला 'मोजपट्टी' म्हणत. तिला ते ठाऊक होतं.

यंदा तिच्या वाट्याला एका सुताराची उबपेटी आली होती. आतून जाड गादी लावलेली लाकडी पेटी. उकळतं भांडं आत ठेवून झाकण लावलं की अन्न आपल्याच वाफेवर शिजतं, सरपण वाचतं. वीस घरांत पेट्या दिल्या होत्या, प्रत्येकीत तापमान टिपणारं बटणाएवढं यंत्र. पेटी दिवसाला सरासरी चार तास गरम राहिली तरच पुढच्या वर्षी मदत. नाहीतर सुताराचे पाच कारागीर घरी बसणार. सरासरी साडेचारच्या आसपास निघाली आणि सुताराला आकाश ठेंगणं झालं.

तिचं डोकं मात्र एकाच आलेखात अडकलं. इतर घरांत रेघ ऐंशीपर्यंत चढून उतरत होती. शिंपीणबाईंच्या घरची रेघ एकवीस दिवस, चोवीस तास, साडेसदतीसवर. दिवसातून तीनदा बारीकसा खड्डा, की पुन्हा जागेवर.

"यंत्र बिघडलंय," सुतार म्हणाला.

"बिघडलेलं यंत्र इतकं वेळापत्रक पाळत नाही."

"मग सोडा ना, मॅडम. त्या घरानंच तर सरासरी तारलीय."

"म्हणूनच जायचं."

शिंपीणबाईंच्या शिलाई मशीनखाली चिंध्यांत कोंबडीची पिल्लं चिवचिवत होती. सुतार त्यांच्याकडे बघतच राहिला.

"काकू, पेटीत तुम्ही शिजवलंत काय?" त्यानं विचारलं.

"शिजवते कशाला? कोंबडी मेली, अंडी तशीच राहिली. म्हटलं, पेटी ऊब धरते ना, बघू या. तीनदा गरम पाण्याची बाटली बदलायची, अंडी फिरवायची."

"माझ्या औषधाची वेळ विसरते," आतून सासूबाई म्हणाल्या, "अंड्यांची नाही."

"ऊब बरोबर आहे हे कसं कळायचं?" तिनं विचारलं.

"अंडं पापणीला लावून."

तिनं ते वहीत लिहून घेतलं. मग सुताराला बाहेर पायरीवर नेलं.

"हे घर स्वयंपाकात धरता येणार नाही. सरासरी साडेतीनच्या खाली जाते."

"आणि ते तुम्ही लिहिणार."

"लिहिणार. पिल्लांचंही लिहीन. पण त्यावर मदत मिळत नाही."

सुतार पायरीवर बसला. कारागिरांना काय सांगायचं, हे तो मनात जुळवत असावा असं तिला वाटलं. पण तो एकदम उठला आणि आत गेला.

"काकू, अंडी किती ठेवली होती?"

"बारा. नऊ निघाली."

"उरलेली तीन कुठल्या बाजूला होती?"

शिंपीणबाईंनी सुई थांबवली, आठवून पाहिलं. "बिजागरीकडे. तिन्ही."

सुतारानं जमिनीवर बसून पेटीच्या बिजागरीच्या फटीवरून तळवा फिरवला, पुन्हा फिरवला. "इथून ऊब निसटत असणार." तिनं समोर फतकल मारली, वहीचं नवं पान काढलं आणि विचारलं, "आणि बाटली नेमकी कुठे ठेवत होतात?"