जरा लवकर ये

किसनने जाळी उचलून उलटी केली, तेव्हा खालची सगळी चरबी एकदम दिसली. काळी, घट्ट, तिच्यात चिकटून राहिलेले कोंबडीचे जळके तुकडे आणि मेलेले मुंगळे. त्याने बाह्या दुमडल्या, तारेचा ब्रश घेतला आणि घासायला सुरुवात केली.

श्यामसुंदरच्या भावाने अमेरिकेहून ही गॅसवर चालणारी शेगडी आणली होती. बार्बेक्यू म्हणायचं तिला. वाशीच्या रो-हाउसच्या मागच्या अंगणात ती पावसाळाभर ताडपत्रीखाली, न धुता पडून होती. आज श्यामसुंदरने कारखान्याच्या लॅबमधल्या सगळ्यांना तिच्यावरचं चिकन खायला बोलावलं होतं.

“तू वहिनींना घेऊन जरा लवकर ये,” श्यामसुंदर किसनला म्हणाला होता. “ऊन असतानाच. निवांत बसू.”

दोघे एकाच पदावरचे केमिस्ट, एकाच दिवशी कामाला लागलेले. किसन परभणीकडचा, बौद्ध. लॅबमध्ये ते सर्वांना ठाऊक होतं आणि कुणी कधी त्याबद्दल बोलत नसे. पण इतक्या वर्षांत कुणी घरीही बोलावलं नव्हतं. म्हणून किसनने पेढ्यांचा पुडा घेतला, बायकोला, सुनीतीला, ठेवणीतली साडी नेसायला लावली आणि दोघं तळवलीहून बसने भर उन्हात आली. श्यामसुंदरच्या बायकोने, अरुणाने, आणलेलं पाणी पिऊन होतंय न होतंय तोच श्यामसुंदर त्याला मागच्या अंगणात घेऊन गेला. “जरा हे मशीन बघ ना,” म्हणाला. ब्रश, सोड्याचा डबा आणि चिंध्या त्याच्यापुढे ठेवून तो आंघोळीला निघून गेला.

मागच्या दारात सुनीती येऊन उभी राहिली.

“हे काय चाललंय?”

“जाळी घासतोय. सगळं करपलंय.”

“भाऊजी कुठायत?”

“आंघोळीला गेलाय.”

“बाकीचे दिवेलागणीनंतर येणारेत. अरुणाताई आत्ताच म्हणाल्या.” तिने ब्रशकडे, चिंध्यांकडे पाहिलं. “मग आपल्यालाच का लवकर बोलावलं?”

बर्नरची भोकं बुजली होती. टाचणीने किसन एकेक भोक मोकळं करत राहिला.

“मित्र आहे तो,” अखेर तो म्हणाला. “मित्राला सांगतो माणूस.”

“तुमच्या लॅबमधल्या त्या दिनानाथांना सांगितलं असतं का त्यांनी?”

टाचणी थांबली. मग पुन्हा चालू झाली, आधीपेक्षा जोरात. खालचा ट्रे तसाच राहिला होता. किसनने तो ओढला आणि त्यात साठलेलं पावसाचं पाणी आणि चरबी त्याच्या शर्टावर, छातीपासून खालपर्यंत सांडली.

त्याच वेळी श्यामसुंदर पावडर लावून बाहेर आला.

“अरे वा! एकदम चकाचक! आमच्या कामवालीने हात लावायला नकार दिला रे. म्हणे, चिकनचं आहे. आणि मला तर ते चिकट बघूनच मळमळतं. म्हटलं, किसनला काय, चालतं.”

सुनीतीने खांद्याची पर्स घट्ट धरली आणि जायला वळली. किसनने तिच्याकडे बघून मान हलवली. थांब.

त्याने बर्नर जागेवर बसवला. नळी जोडली, सांध्याला साबणाचं पाणी लावलं, बुडबुडा येत नाही ना हे वाकून पाहिलं. काडी ओढली. निळी ज्योत या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ पेटली. त्याने गॅस बंद केला आणि नळाखाली हात धुतले. बराच वेळ धुतले.

“माझा शर्ट गेला,” तो म्हणाला. “तुझा एक दे.”

“अं?”

“घालायला. लोक येतील आता.”

श्यामसुंदर हसला. “अरे, माझा तुला... थांब हं, भांडेवालीला द्यायला काढलेले आहेत काही माळ्यावर.”

“त्यातला नको. तू घालतोस त्यातला दे.”

अरुणा दारात आली होती. तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो सिलिंडरकडे बघत होता. मग ती आत गेली आणि फिक्या पिवळ्या रंगाचा, इस्त्रीचा एक शर्ट घेऊन आली. “हा घ्या,” म्हणाली. पण किसनने पुढे केलेल्या हातात न देता तिने तो कट्ट्यावर ठेवला.

तो शर्ट घालूनच किसन जेवला. लोक आले, शेगडीचं कौतुक झालं.

“हा शर्ट कुठंतरी पाहिलाय,” दिनानाथ म्हणाला.

“श्यामचा आहे,” किसन म्हणाला. त्यानंतर सगळे चिकनबद्दल बोलू लागले.

परतताना बसथांब्यावर सुनीती त्याच्याकडे वळली. “घास गिळला कसा तुमच्या घशाखाली? मी तर ताटाला हात लावला नाही.”

“निघून आलो असतो, तर उद्या लॅबभर झालं असतं, किसनचं डोकं फिरलं. का फिरलं ते कुणी विचारलं नसतं.”

“मग आता कोण विचारणारेय?”

किसनने येणाऱ्या बसला हात केला.

घरी आल्यावर शर्ट त्याने स्वतःच्या हाताने धुतला, स्वतः इस्त्री केली. कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये, जेवणाच्या सुट्टीत, तो कागदात बांधून श्यामसुंदरसमोर ठेवला.

“तुझा शर्ट.”

श्यामसुंदरने पुडा उघडला नाही. बोटाच्या टोकाने परत सरकवला. “राहू दे रे तुलाच. छान दिसत होता तुला.”

“धुतलाय.”

“तसं नाही रे. दिला असं समज.”

“दिला नव्हतास. मी मागून घेतला होता. शर्ट आहेत माझ्याकडे.”

आजूबाजूच्यांचे घास थांबले. किसनने पुड्याचा दोरा सोडला, शर्ट झटकून उलगडला आणि श्यामसुंदरच्या शेजारच्या खुर्चीच्या पाठीवर टाकला.

“घाल.”

“इथं? काहीतरीच काय!”

“इथंच. मी थांबतो.”

किसन खुर्ची ओढून समोर बसला. दिनानाथ शर्टाकडे बघत होता, मग श्यामसुंदरकडे बघू लागला. श्यामसुंदरचा हात गळ्याजवळच्या बटणापर्यंत गेला आणि तिथंच राहिला.