पाण्यावर तरंगलेलं तेल

देद्झाच्या बाजारापलीकडे, निलगिरीच्या झाडांखाली लामेक काचिगांबाचं गॅरेज होतं. गॅरेज कसलं, चार खांबांवर पत्रा आणि खाली तेल पिऊन काळी पडलेली जमीन. पण सरोवराकडे जाणारा गोलोमोतीचा घाट उतरायचा असला, की शहाणी माणसं आधी लामेकला गाडी दाखवून घेत. बावीस वर्षांत त्याच्या हातच्या एकाही गाडीने घाटात दगा दिला नव्हता.

त्या शुक्रवारी सकाळी मुख्याध्यापिका एनिफा चिसाले पायी चालावं तितक्या हळू गाडी घेऊन आल्या. ब्रेकवर पाय दिला की चिखलात रुतल्यासारखा वाटतो, म्हणाल्या.

लामेक आत बसला. पेडल मऊ लागलं. चार-पाच वेळा भराभर दाबल्यावर जरासं टणक झालं, पण पाय तसाच दाबून धरला तर ते हळूहळू खाली सरकायला लागलं. आधी त्याला पाइपात हवा शिरली असेल असं वाटलं. त्याने चारही चाकं काढली. कुठे थेंबभर ओल नव्हती. हवा काढायला चाकांजवळचे निपल सोडले, तर तेलाची धार सरळ आली, एक बुडबुडा नाही. गळती नाही, हवा नाही. म्हणजे दाब आतल्या आत पळत होता. त्याने पेडलमागचा, दाब तयार करणारा मास्टर सिलिंडर उतरवून खोलला.

आतली रबरं चहात बुडवलेल्या पावासारखी फुगली होती. नख लावलं तर कड तुटून हातात आली.

रबराची अशी गत एकाच गोष्टीने होते, भलतंच तेल पडल्याने. कोणत्या शहाण्याने यात काय ओतलंय, असं त्याने जरा चिडूनच विचारलं.

"बाम्बो लामेक, या गाडीला तुमच्याशिवाय कोणी हात लावत नाही," मॅडम म्हणाल्या. "दहा दिवसांपूर्वी ब्रेक ऑइल तुम्हीच भरलंत."

लामेकने फळीवरचा त्याच तेलाचा डबा काढला. एका वाडग्यात पाणी घेऊन जुन्या बाटलीतले, शिल्लक राहिलेल्या खऱ्या ब्रेक ऑइलचे थेंब त्यात टाकले. ते पाण्यात मिसळून गेले. दुसऱ्या वाडग्यात डब्यातलं तेल टाकलं. ते पिवळ्या चकत्या होऊन वर तरंगत राहिलं. त्याने पाणी बदलून पुन्हा करून बघितलं. पुन्हा तेच. डब्याचं सील शाबूत होतं, लेबल कोरं करकरीत होतं. बाजारात नव्याने बसायला लागलेल्या एका माणसाकडून त्याने तो घेतला होता, आणि उघडल्यावर नाकालाही लावला नव्हता.

त्या डब्यातलं तेल दोनच गाड्यांत गेलं होतं. दुसरी गाडी होती त्याच्या मेव्हण्याची, बिस्विकची. बिस्विक मंगळवारी आणि शुक्रवारी पिकअप घेऊन मासळी आणायला घाट उतरायचा.

त्याने फोन लावला. बंद. बिस्विकच्या बायकोला लावला. ते आत्ताच निघाले, अर्धा तास झाला नसेल, असं ती म्हणाली.

मॅडमनी त्याच्या तोंडाकडे बघितलं. "जा तुम्ही. माझी गाडी कुठे पळून जातेय?"

नाक्यावरच्या मोटरसायकलवाल्याच्या मागे बसून लामेक निघाला. घाटाच्या तोंडाशी कोळशाची पोती मांडून बसलेल्या बायकांना त्याने विचारलं. पिकअप गेली, म्हणाल्या. आज फार जोरात होती, सारखा हॉर्न वाजत होता. पुढे एकेका वळणावर लामेक खाली वाकून रस्ता बघत होता. डांबरावर टायर घासल्याची खूण कुठेच नव्हती. खूण उठायला आधी चाक अडावं लागतं. उजव्या हाताला दरी होती आणि फार खाली सरोवर चकाकत होतं. प्रत्येक वळणावर तो आधी दरीत बघायचा आणि मग रस्त्यावर.

सहाव्या वळणावर मासळीच्या रिकाम्या टोपल्या विखुरल्या होत्या. बिस्विकने गाडी दरीकडे जाऊ न देता डोंगरात घातली होती. पुढचा भाग चेपून गेला होता. लोकांनी त्याला बाहेर काढून बायका नेसतात त्या चिटेंजेच्या कापडावर निजवलं होतं. डावा पाय गुडघ्याखाली नको तिकडे वळला होता.

"अलामु, तू बरा पोचलास," बिस्विक कण्हत मेव्हण्याला म्हणाला. "कालपासून पेडल मऊ लागत होतं. म्हटलं, लामेकने नुकतीच बघितलीये. माझ्याच पायात जोर नसेल."

लामेक गप्प राहिला असता तर तिथे कोणाला काही कळलं नसतं. चेपलेल्या पत्र्यात काही शाबूत उरलं नव्हतं. तो मेव्हण्याशेजारी खाली बसला आणि त्याने सगळं सांगितलं: डबा, रबरं, पाण्यावर तरंगलेलं तेल.

बिस्विकने डोळे मिटून घेतले.

"माझ्या बहिणीला हे तूच सांग. मी नाही सांगणार."

संध्याकाळी लामेकने बायकोला सांगितलं. ती चुलीवरचं मक्याच्या पिठाचं न्सिमा तसंच उतरवून एकटीच भावाकडे दवाखान्यात गेली. त्याला चल म्हणाली नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताच तो बाजारात गेला. त्या माणसाच्या जागेवर एक म्हातारी टोमॅटो मांडून बसली होती. तो गुरुवारीच गेला, म्हणाली. नाव-गाव कोणाला ठाऊक नव्हतं.

"डबे किती होते त्याच्याकडे, अगोगो?"

"हातगाडी भरून आणले होते. जाताना गाडी रिकामी होती."

लामेक तिथून थेट मिनीबसच्या थांब्यावर गेला आणि ब्रेकचं तेल बघायचंय म्हणून पहिल्या ड्रायव्हरला बॉनेट उघडायला सांगितलं. ड्रायव्हर हसला. गाडी माणसांनी भरली होती, त्याला उशीर होत होता.