तांबड्या दुधाचे आप्पा

सोमवार उजाडला की अक्कलकोट रस्त्यावरच्या त्या पत्र्याच्या शेडपुढे रिक्षा, दुचाक्या आणि जीपगाड्यांची रीघ लागायची. येणाऱ्या प्रत्येक बाईच्या पदराखाली तान्हं मूल. कुणाचं मूल दूध टाकतंय, कुणाचं रडून रडून निळं पडतंय, कुणाचं अंगच धरत नाही. पार करमाळ्याकडून माणसं यायची. आत क्षीरेश्वर आप्पा बसलेले असत, आणि क्षीरेश्वर आप्पा आईच्या दुधाचं रक्त करून दाखवत.

हे आप्पा म्हणजे पन्नाशीचे, तुकतुकीत कांतीचे गृहस्थ. दाढी मेंदीने रंगवलेली, बोटांत जाडजूड अंगठ्या, आणि जिभेला हाड नाही. "दूध म्हंजे साधी गोष्ट न्हाय. दुधात स्पंदन असतंय. आईच्या सात पिढ्यांची करणी दुधात उतरतीया. डाक्टरला त्याच्या दुर्बिणीत ते दिसायचं न्हाय, त्याला आप्पाचाच डोळा पायजे," असं ते दर दहा मिनिटांनी म्हणत आणि माणसं दर दहा मिनिटांनी हात जोडत. स्पंदन म्हणजे काय, हे त्या शेडमध्ये कुणी विचारलं नाही. आप्पांनाही ते ठाऊक असण्याचं काही कारण नव्हतं.

त्या सोमवारी रांगेत शिवलीला उभी होती. माहेर वैरागचं, दोन वर्षांपूर्वी लग्न होऊन सोलापुरात आलेली. कुशीत अडीच महिन्यांचा नंदीश. पाचव्या आठवड्यापासून त्याच्या शीमध्ये शेंबडासारखं काही आणि रक्ताचे धागे दिसू लागले होते. गाल लाल होऊन खवले धरले होते. दूध प्यायलं की पाय पोटाशी घेऊन तो तासतासभर किंचाळायचा. कोपऱ्यावरच्या दवाखान्यातून गॅसचे थेंब आणून झाले, काडीचा फरक पडला नाही. शिवलीलाला लहान मुलांच्या डॉक्टरकडे जायचं होतं. पण सासूबाई गुरम्मांच्या ओळखीतल्या मुक्ताबाईंचा नातू आप्पांनी एकवीस दिवसांत बरा केला होता म्हणे, आणि नवरा गुरुराज हा आई आणि बायको यांच्यात कुणाकडेच न पडणारा माणूस. तेव्हा आधी आप्पा, मग डॉक्टर, असं ठरलं.

पडद्याआड बाळाबाई नावाची आप्पांची सेविका बसलेली होती. तिने पितळेची लहान वाटी पुढे केली आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. शिवलीलाने चमचाभर दूध पिळून दिलं. वाटी आप्पांपुढे गेली. त्यांनी चिमूटभर भंडारा टाकला, दूध पिवळं झालं. मग डोळे मिटून, ओठ हलवत, अंगठीच्या बोटाने तीनदा ढवळलं, आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत ते दूध तांबडं होत गेलं.

शेडभर एकच सुस्कारा निघाला.

"डाकीण बसलीया या बाईच्या दुधात," आप्पांनी वाटी उंच धरून जाहीर केलं. "पोर आईचं रक्त पितंय, म्हून खालनं रक्त जातंय."

शंभर नजरा शिवलीलाकडे वळल्या. शेजारच्या बाईने आपलं मूल दुसऱ्या कडेवर घेतलं. आणि त्या क्षणी शिवलीलाने स्वतःही ते खरं मानलं. दूध तिचंच होतं, तिने स्वतः दिलं होतं, आणि ते तिच्यासमोर लाल झालं होतं. पुढे कित्येक दिवस तिला आप्पांपेक्षा या गोष्टीचाच जास्त राग येत राहिला.

इलाजही आप्पांनी लगेच सांगितला. एकवीस दिवस आईने मुलाला अंगावर घ्यायचं नाही. आप्पांच्या गोठ्यातल्या कपिला गाईचं मंतरलेलं दूध बाटलीने पाजायचं. बाविसाव्या दिवशी पुन्हा वाटी. करणी उतरली असेल तर लिंबू पिळताच लाली जाईल आणि करणी कणी कणी होऊन फुटेल. गर्दीतल्या दोघीतिघींनी हे लिंबाचं कौतुक आधी पाहिलं होतं. त्यांनी माना डोलावल्या.

घरी आल्यावर शिवलीलाने बाटली नको म्हणून पाहिलं, पण तिच्या बोलण्यात जोर नव्हता. डाकीण जिच्या दुधात, तिचं कोण ऐकणार? दुपारी गुरम्मांनी कपिलेचं दूध कोमट करून नातवाला पाजलं. वाटीभरही गेलं नसेल. पंधरा मिनिटांत त्याच्या ओठांभोवती गांधी उठल्या. मग पापण्या सुजल्या, मग उलटीवर उलटी, आणि मग रडणंच थांबलं. मूल मांडीवर ओल्या फडक्यासारखं पडलं. गुरम्मा म्हणाल्या, डाकीण जाताना त्रास देतेच. शिवलीलाने मूल उचललं, चप्पल न घालता जिना उतरली आणि मिळाली त्या रिक्षात बसली. गुरुराज मागून दुचाकीवर धावला.

मुलांच्या दवाखान्यात डॉ. माहेनूर शेख होत्या. त्यांनी मुलाकडे पाहिलं, एकच प्रश्न विचारला, "आत्ता काय पाजलं?" आणि उत्तर पुरं व्हायच्या आत मांडीत इंजेक्शन दिलं. ऑक्सिजन लावला. तासाभराने नंदीशने डोळे उघडून ठणठणीत भोकाड पसरलं, तेव्हा दाराशी उभा असलेला गुरुराज बाकावर बसला.

मूल स्थिरावल्यावर डॉक्टरांनी सगळं विचारलं. रक्त कधीपासून, खवले कधीपासून, वजन किती वाढलं. आणि मग, आई काय खाते. शिवलीलाने यादी सांगितली. बाळंतपणापासून सकाळ-संध्याकाळ पेलाभर दूध, तुपातले लाडू, शेवयाची खीर, जेवणात दही. दूध यावं म्हणून दूध प्यायचं, असं सगळेच सांगत होते. रक्त दिसायला लागल्यावर तर अशक्तपणा नको म्हणून दुधाचा एक पेला वाढवला होता.

डॉक्टर लिहिता लिहिता थांबल्या. शिवलीलाने तेव्हा विचारलं, "मॅडम, माझं दूध खराब हाय का?"

"तुमचं दूध उत्तम आहे. त्याला तेच द्यायचं, बंद अजिबात करायचं नाही," डॉक्टर म्हणाल्या. "याच्या शरीराला गाईच्या दुधातलं प्रथिन सोसत नाही. तुम्ही जे दूध पिता, त्यातलं थोडंसं प्रथिन तुमच्या दुधातून याच्या पोटात जातं. तेवढ्यानंही आतड्याला सूज येते आणि रक्त पडतं. आज तर गाईचं दूध थेटच पाजलं. विष पाजल्यासारखं झालं ते."

मग त्यांनी काय करायचं ते नीट समजावलं. आईने दूध, दही, ताक, तूप, लोणी, खवा, पनीर सगळं सोडायचं. बिस्किटं, पाव घेताना पाकिटावर दूध लिहिलंय का ते वाचायचं. कॅल्शियमच्या गोळ्या घ्यायच्या. भाकरी, शेंगाचटणी, डाळ, भाजी, फळं भरपूर खायची. शेळीचं नाहीतर म्हशीचं दूध चालेल, असं कुणी सांगितलं तर ऐकायचं नाही, प्रथिनं जवळपास सारखीच असतात. दोन ते चार आठवड्यांत फरक दिसेल. एवढी जोराची रिअॅक्शन आल्यामुळे घरी आपल्या मनाने पुन्हा दूध पाजून बघायचं नाही, ते दवाखान्यातच, डॉक्टरांसमोर. बरीचशी मुलं दोन-चार वर्षांत यातून बाहेर पडतात. आणि एक मूल असं निघालं म्हणून गावातल्या सगळ्या पोरांचं दूध तोडायचं कारण नाही, हेही त्यांनी सांगितलं.

तीन दिवसांनी मूल घरी आलं. आठवडा संपता संपता शीमधलं रक्त कमी झालं, पंधराव्या दिवशी दिसेनासं झालं. गाल निवले. शिवलीला दूध सोडून जगत होती आणि नंदीश तिच्याच दुधावर बाळसं धरत होता. गुरम्मा हे पाहत होत्या. पण वाटीतलं ते तांबडं दूध शिवलीलाच्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं. डॉक्टरांचं सगळं पटलं, तरी ते लाल कसं झालं?

उत्तर न्हाणीघरात मिळालं. त्या सोमवारी नेसलेली पांढरी साडी तशीच कपड्यांच्या ढिगात पडली होती. पदरावर आप्पांचा भंडारा सांडून पिवळा डाग पडला होता. शिवलीलाने डाग भिजवला, साबणाची वडी घासली, आणि डाग तिच्या हाताखाली तांबडा झाला. तोच रंग. ती तशीच बसून राहिली. गुरम्मा दारातून जात होत्या, त्यांनी सहज पाहिलं.

"हळदीचा डाग साबणानं लालच पडतोय की," त्या म्हणाल्या. "नवीन काय त्यात?"

"मग आत्या, आप्पांच्या वाटीत काय झालं?"

गुरम्मा उंबऱ्यातच थांबल्या. शिवलीला उठली, स्वयंपाकघरातून अर्धं लिंबू आणून तिने डागावर पिळलं. तांबडा डाग पुन्हा पिवळा झाला. लिंबाने दूध नासून त्याच्या कण्या होतात, हे तर पोरालाही कळतं. त्या शेडमधली प्रत्येक बाई हा चमत्कार आपल्या धुण्याच्या दगडावर शंभरदा पाहून आली होती, आणि आप्पांपुढे बसून श्वास रोखत होती.

पुढच्या सोमवारी शिवलीला शेडवर निघाली. गुरम्मा न सांगता पायात चपला घालून बरोबर आल्या. नंदीशला गुरुराजने सांभाळलं. शिवलीलाच्या पदराखाली औषधाची छोटी बाटली होती, आणि त्या बाटलीत कोपऱ्यावरच्या दुकानातलं पिशवीचं दूध.

पडद्याआड बाळाबाईने शिरस्त्याप्रमाणे भिंतीकडे तोंड केलं. शिवलीलाने बाटली वाटीत ओतली. आप्पांनी तिला ओळखलंही नाही. दर सोमवारी इतक्या डाकिणी काढायच्या तर चेहरे किती लक्षात ठेवणार? भंडारा पडला, बोट फिरलं, दूध तांबडं झालं.

"हिच्या सवतीचा आत्मा हाय दुधात," आप्पा गरजले. "जळून मेलेली सवत."

"आप्पा, ते पिशवीचं दूध हाय," शिवलीला सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली आणि बाटली वर धरली. "सकाळी दुकानातनं आणलंय. त्याची सवत कोण?"

कुणीतरी हसलं. आप्पा क्षणभर गडबडले, पण असली माणसं पडली तरी नाक वर. ज्या गाईचं ते दूध, त्या गाईलाच करणी झाली असली पाहिजे, असं त्यांनी ठोकून दिलं.

त्यावर गुरम्मा उठल्या. "मग तुमच्या कपिलेचं घाला की वाटीत. ती तर पवित्र हाय. आनि बोट धुऊन ढवळा."

हात धुतला तर सिद्धी जाते, असं आप्पा म्हणाले. तंबाखू मळणाऱ्या एका म्हाताऱ्याकडून गुरम्मांनी चुन्याची डबी मागून घेतली. आप्पांच्याच ताटातली चिमूटभर हळद तळहातावर घेतली, चुना लावला, थोडं पाणी घालून मळलं आणि हात पुढच्या रांगेतल्या बायांसमोर धरला. तळहात लालभडक झाला होता.

"माझी आई घरी कुंकू करायची ते असंच," त्या म्हणाल्या. "हे कुंकू हाय, बायांनो. डाकीण न्हाय. या बाबाच्या नादानं मी माझा नातू मारला असता."

शेवटच्या वाक्याला त्यांचा आवाज फाटला. मग त्या म्हाताऱ्याने पुढे होऊन आप्पांचा हात धरला. मोठ्या अंगठीच्या खड्याखाली पोकळी होती आणि तिच्यात ओला चुना भरलेला होता. क्षीरेश्वरांचं सगळं स्पंदन ते एवढंच. दुधाच्या सात पिढ्या बघणाऱ्या त्या दिव्य डोळ्याला मागचं दार मात्र चटकन दिसलं. शिवलीलाने त्याच दुपारी जादूटोणाविरोधी कायद्याखाली तक्रार दिली. आप्पा दोन आठवड्यांनी सापडले. ठाण्यात बसून त्यांनी सांगितलं की छातीत दुखतंय, डॉक्टरला बोलवा.

त्या गर्दीतल्या काही आया नंतर डॉ. शेख यांच्याकडे गेल्या. कुणाला अॅलर्जी निघाली, कुणाला साधा जंतुसंसर्ग, आणि बऱ्याच जणींच्या मुलांना काहीही नव्हतं. पहिले तीन-चार महिने काही मुलं खूप रडतात आणि मग आपोआप थांबतात. मुक्ताबाईंचा नातू तसाच थांबला होता. श्रेय एकवीस दिवसांना मिळालं. सूर्य उगवायच्या वेळी जो आरवेल, त्याच्यामुळेच उजाडलं म्हणायचं, असला हा हिशोब.

नंदीश वर्षाचा झाल्यावर दवाखान्यात त्याला थेंब थेंब दूध देऊन पाहिलं. तिसऱ्या मात्रेला हनुवटीवर गांधी उठल्या. डॉक्टरांनी तिथेच थांबवलं आणि सहा-आठ महिन्यांनी पुन्हा बघू म्हणाल्या. शिवलीलाला वाईट वाटलं, पण ती घाबरली नाही. काय होतंय आणि का होतंय, हे तिला माहीत होतं.

डॉक्टर 'अजून वेळ लागेल' म्हणते आणि भोंदू 'एकवीस दिवसांत' म्हणतो. दुखण्यात सापडलेल्या माणसाला तारीख देणाराच जवळचा वाटतो, आणि तिथेच तो फसतो. तुमच्या बाळाच्या शीमध्ये रक्त दिसलं, दूध घेतल्यावर अंगावर गांधी उठल्या, वजन वाढेना झालं, तर आईच्या दुधाला दोष देणाऱ्याच्या दारी जाऊ नका. मुलांच्या डॉक्टरकडे जा, आई काय खाते ते सांगा, आणि सांगितलेलं पथ्य पाळा. आणि कुणी तुमच्यापुढे वाटी लाल करून दाखवली, तर हात जोडण्याआधी एवढंच सांगा, की बाबा, आधी बोट धुऊन ये.